हातातला फोन आणि वर्गातला धडा



आठवीच्या वर्गात जाऊन एक साधा प्रश्न विचारून पहा. "तू नाशिकच्या मामाला फोन लावतोस, तेव्हा तुझा आवाज तिथवर जातो कसा?" निम्मी मुले हसतील. हा काय प्रश्न झाला, असा त्यांचा चेहरा होईल. एखादा धीट मुलगा उठून म्हणेल, "रेंज असली की जातो, सर." दुसरा म्हणेल, "उपग्रहावरून जातो." मग विचारा, "रेंज म्हणजे काय?" की वर्ग गप्प. पूर्वी ज्या गोष्टीचा उलगडा होत नसे तिला आपण देवाची करणी म्हणत असू. हल्ली तिला रेंज म्हणतात, इतकाच फरक.

कोणी म्हणेल, न कळले तर बिघडले काय? विहिरीवरची मोटार कशी चालते हे ठाऊक नसले तरी पाणी येतेच की. खरे आहे. पण मोटारीच्या पोटात आपले बँकेचे खाते नसते, आणि मोटार कोणाची खबर कोणाला सांगत नाही. फोन या दोन्ही गोष्टी करतो. आज घरोघर आजोबांना बँकेचा संदेश वाचून दाखवणारे, कांद्याचा बाजारभाव पाहणारे, वडिलांच्या खात्यातून बियाण्याच्या दुकानदाराला पैसे पाठवणारे माणूस कोण, ते पहा. बहुधा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. घरातले धाकटे माणूस सगळ्या घराचे कारकून झाले आहे! त्याची बोटे भराभर चालतात. पण ती बोटे कोणत्या यंत्रणेला हात घालीत आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ते सांगण्याचे काम शाळेचे आहे.

यावर शिक्षकांची एक अडचण नेहमी ऐकू येते. "अहो, मुलांना आमच्यापेक्षा जास्त येतं. आम्ही काय शिकवणार?" ही भीती बाळगू नका. गाडी हाकता आली म्हणजे चाकावर धाव चढवता येते असे नाही. मुलांना फोन वापरता येतो, तो कळलेला नसतो. शिवाय हे शिकवायला संगणकाची खोली लागत नाही. सुतळी, विजेरी, एक जुना ट्रान्झिस्टर, पत्र्याची पेटी आणि कागदाच्या चिठ्ठ्या एवढ्या सामानावर सारा विषय शिकवता येतो. कसा, ते आता पाहू.

संदेशाला काय काय लागते?

पहिल्या तासाला फोनचे नावच काढू नका. दवंडीपासून सुरुवात करा. हलगी वाजली की लोक गोळा होत आणि दवंडीवाला निरोप सांगे. यात पाठवणारा आहे, ऐकणारा आहे, मध्ये वाट आहे ती हवेची, आणि निरोप ज्या रूपात जातो ती खूण आहे, म्हणजे बोललेले शब्द. या चार गोष्टी फळ्यावर लिहा: पाठवणारा, खूण, वाट, घेणारा. मग पत्र, तार, रेडिओ, फोन यांतल्या प्रत्येकाला ही चार घरे मुलांकडूनच भरून घ्या.

तारेपाशी जरा थांबा. आपल्या देशात १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये पहिली प्रायोगिक तार टाकली गेली. कडकट्ट आवाजाच्या लहान-मोठ्या खुणांनी अक्षरे जाऊ लागली. पुढे दीडशेहून अधिक वर्षे ही सेवा चालली आणि २०१३ च्या जुलै महिन्यात ती बंद झाली. मुलांना सांगा, घरी आजीला विचारून या, "तार आली म्हटलं की घरात काय व्हायचं?" दुसऱ्या दिवशी वर्गाला जे ऐकायला मिळेल ते कोणत्याही पुस्तकात नसेल. पुष्कळ घरी तार फोडण्याआधीच रडारड सुरू होई, कारण तार म्हणजे बहुधा वाईट बातमी. साधन बदलले की माणसाचा स्वभावही त्याला जुळवून घेतो, हे मुलांना यातून आपोआप कळते.

आवाजाचे आकडे

दुसऱ्या तासाला सुतळीचा फोन करा. दोन रिकामे डबे किंवा कागदी पेले, तळाला भोक, मध्ये दहा-पंधरा मीटर सुतळी. सुतळी ताणून धरली की कुजबूजही ऐकू येते. ढिली सोडली की नाही. मध्येच कोणी चिमटीत धरली तर आवाज तुटतो. आवाज म्हणजे कंप, हे मुलांच्या बोटांना कळते.

आता प्रश्न टाका. सुतळी नसेल तर कंप जाईल कसा? इथे विजेरी हातात घ्या. एक मुलगी पटांगणाच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्या. तुम्ही टाळ्या वाजवा. प्रत्येक टाळीला विजेरी एकतर लागलेली असेल, नाहीतर विझलेली. सहा टाळ्यांचे एक अक्षर धरले तर किती निरनिराळी अक्षरे होतील? दोनाला दोनाने सहा वेळा गुणायचे, म्हणजे ६४. हे गणित मुलांना स्वतः काढू द्या.

पाठवताना चुका होणारच. कोणाची विजेरी उशिरा लागेल, कोणाला नीट दिसणार नाही. मग एक युक्ती सांगा. सहा टाळ्यांनंतर सातवी टाळी तपासणीची. सहांमध्ये उजेड विषम वेळा पडला असेल तर सातव्यालाही उजेड दाखवायचा, सम असेल तर नाही. म्हणजे एकूण उजेड नेहमी सम. घेणाऱ्या मुलीला विषम दिसले, की तिने हात वर करावा: "पुन्हा पाठव!" यंत्रे चूक ओळखतात ती याच जातीच्या युक्तीने, फक्त अधिक पक्क्या रीतीने. एखादी हुशार मुलगी विचारील, "बाई, दोन चुका एकदम झाल्या तर?" तिला शाबासकी द्या. ही युक्ती तिथे फसते, आणि म्हणूनच पुढच्या शास्त्रज्ञांना अधिक चांगल्या युक्त्या शोधाव्या लागल्या.

मराठीच्या शिक्षकांसाठी यात एक मौजेची गोष्ट आहे. जगभरच्या यंत्रांनी मान्य केलेल्या तक्त्यात आपल्या देवनागरी लिपीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. त्यात 'अ' चा क्रमांक २३०९, 'क' चा २३२५ आणि आपल्या 'ळ' चा २३५५. 'क्ष' ला स्वतंत्र क्रमांक नाही. 'क', हलन्त आणि 'ष' असे तीन क्रमांक एकापुढे एक गेले की पडद्यावर 'क्ष' उमटतो. व्याकरणाच्या तासाला जोडाक्षर शिकवताना हे सांगा. मुले जोडाक्षर विसरणार नाहीत.

आणि आवाज? त्याचेही आकडेच होतात. टेलिफोनच्या यंत्रणेत आवाजाच्या कंपाची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजण्याची पद्धत रूढ आहे. प्रत्येक मापाला चालू-बंद अशा ८ खुणा. म्हणजे सेकंदाला ६४,००० खुणा. मिनिटाला किती? मुलांना फळ्यावर करू द्या: ३८,४०,०००. मोबाइलमध्ये हे आकडे दाबून लहान करतात, पण तत्त्व तेच. मामाच्या कानात पडतो तो तुमचा आवाज नव्हे. तुमच्या आवाजाच्या आकड्यांवरून तिथे नव्याने घडवलेला तो आवाज असतो.

ट्रान्झिस्टर फिरवून पहा

आता वाट कोणती? बिनतारी लहरींची. हे दाखवायला जुना ट्रान्झिस्टर उत्तम. दिवसा मध्यम लहरींवर जे केंद्र लागेल ते लावा आणि ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवून सावकाश गोल फिरवा. एका पूर्ण फेरीत दोन वेळा आवाज अगदी बसेल. आत एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्या कांडीचे टोक केंद्राच्या दिशेला आले की आवाज सर्वांत क्षीण होतो. म्हणजे आवाज कुठून येतो त्याची दिशा मुलांना काढता येईल. नकाशा पसरा आणि ताडून पहा.

मग ट्रान्झिस्टर मातीच्या माठात ठेवा. वाजत राहील. पत्र्याच्या पेटीत ठेवून झाकण लावा. बहुधा मुका होईल, नाहीतर खरखर करील. माती लहरींना अडवीत नाही, धातू अडवतो. पत्र्याच्या शेडमध्ये फोन का लागत नाही, याचे उत्तर मुले तुम्हांलाच सांगतील.

जुन्या श्रोत्यांना आणखी एक अनुभव आहे. रात्र पडली की मध्यम लहरींवर दूरदूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. वातावरणाच्या फार वरच्या थरांत सूर्याच्या उन्हाने विद्युतभारित झालेले पट्टे असतात. त्यांतला खालचा पट्टा दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि लहरी त्याहून वरच्या पट्ट्यावर आपटून दूर जाऊन उतरतात.

एफएमच्या आणि मोबाइलच्या लहरींना हे साधत नाही. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर, एफएमची सुमारे तीन मीटर आणि मोबाइलच्या पुष्कळशा लहरींची फूटभर किंवा त्याहून कमी. लांब लहर डोंगराला वळसा घालते, आखूड लहर त्याच्यावर अडते. म्हणून घाटातल्या वळणावर गाणे तुटते आणि खोऱ्यातल्या वाडीला टेकडीवर चढून फोन लावावा लागतो.

या लहरींची गोष्ट आपल्याच देशात रंगलेली आहे हेही सांगा. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात भरसभेत भिंतीपलीकडून, मध्ये तार नसताना, घंटा वाजवून दाखविली होती. त्यांनी वापरलेल्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. इतक्या आखूड लहरींचा उपयोग जगाला पुढे फार वर्षांनी झाला. आज मोबाइलच्या नव्या यंत्रणा त्याच टापूत शिरू लागल्या आहेत.

फोन जातो कोणत्या वाटेने?

"उपग्रहावरून जातो" म्हणणाऱ्या मुलाकडे आता वळू. आपला रोजचा मोबाइल फोन उपग्रहावरून जात नाही. फोनमधून निघालेली लहर जवळच्या टॉवरपर्यंत जाते, फार तर काही किलोमीटर. तिथून पुढे जमिनीत पुरलेली काचेच्या तंतूंची केबल असते, किंवा टॉवरवर दिसतात त्या ढोलकीच्या तोंडासारख्या गोल तबकड्यांमधून संदेश पुढच्या टॉवरकडे फेकला जातो. मग कंपनीची मोठी यंत्रे. मामाचा फोन या क्षणी कोणत्या टॉवरपाशी आहे याची नोंद तिथे असते. तो टॉवर गाठला की मामाच्या खिशात घंटी वाजते. म्हणजे बिनतारी वाट फक्त पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याची. मधला पल्ला बहुतेक तंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने.

परदेशी जाणारे बहुतेक संदेशही समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून जातात. अशा अनेक केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. उपग्रहाचे काम निराळे. एके जागी स्थिर दिसणारे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तिथवर जाऊन परत यायचे म्हणजे ७२,००० किलोमीटर. लहरीचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरून भागाकार करा: पाव सेकंदाच्या जवळपास. दूरचित्रवाणीवर दूरदेशीच्या बातमीदाराला प्रश्न विचारला की तो क्षणभर नुसता पाहत राहतो, त्यातला काही वेळ या वाटेवर गेलेला असतो.

पुणे जिल्ह्यातल्या शाळांना सहलीसाठी एक स्थळ सुचवतो. नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी ऐकतात. आपल्या मोबाइलच्या लहरी तिथे गोंगाटासारख्या ठरतात. एकाच्या सोयीची लहर दुसऱ्याच्या कानाला त्रास, म्हणून लहरींचीही वाटणी सरकारला करावी लागते, जशी पाटाच्या पाण्याची पाळी लावतात तशी. त्याच परिसरात आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे भू-केंद्र सुरू झाले होते.

वाट ठाऊक झाली की ती कुठे तुटते तेही कळते. टॉवरला वीज लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कोकणातल्या अनेक गावांत वीज गेली आणि तिच्यामागे फोनही गेले. टॉवर गावोगाव लागतात. रेडिओचे एकच केंद्र दूरवरून शेकडो गावांशी बोलते, आणि घेणाऱ्याला दोन सेल पुरतात. संकटाच्या दिवसांसाठी घरात एक ट्रान्झिस्टर का असावा, हे मुलांनी घरी समजावून सांगावे.

चिठ्ठ्यांचा खेळ

आता सर्वांत महत्त्वाचा तास. यासाठी नुसत्या चिठ्ठ्या हव्यात.

एक वाक्य घ्या. त्याचे दहा तुकडे करून दहा चिठ्ठ्यांवर लिहा. प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक, पाठवणाऱ्याचे नाव आणि घेणाऱ्याचे नाव. पहिल्या बाकावरच्या मुलाने त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे पाठवायच्या, पण जागेवरून उठायचे नाही. शेजारच्याच्या हातात द्यायची, त्याने पुढच्या कोणाच्याही. मध्येच दोन मुलांना सांगा, "तुम्ही आज बंद." चिठ्ठ्या दुसऱ्या वाटेने जातील. पाचवी आधी पोचेल, दुसरी मागून येईल, सातवी हरवेल. घेणारी मुलगी क्रमांकाने लावील आणि ओरडेल, "सातवी पुन्हा पाठवा!" झाले, इंटरनेट कसे चालते ते वर्गाला कळले.

इथेच थांबू नका. मधल्या मुलांना विचारा, "चिठ्ठीत काय होतं ते कोणी वाचलं?" सगळेच हसतील, कारण बहुतेकांनी वाचलेले असते. दुसऱ्या फेरीत वाक्य सांकेतिक अक्षरांत लिहा. प्रत्येक अक्षराच्या जागी पुढचे तिसरे अक्षर, असे काहीही. किल्ली फक्त दोन टोकांच्या मुलांना ठाऊक. आता मधले वाचू शकत नाहीत. हे झाले संदेशाचे कुलूप.

तिसऱ्या फेरीत प्रत्येकाला एका कागदावर लिहायला सांगा: चिठ्ठी कोणाकडून आली, कोणाला दिली, किती वाजता. खेळ संपल्यावर हे सगळे कागद तुम्ही गोळा करा आणि मोठ्याने वाचून दाखवा. आतला मजकूर एकालाही माहीत नाही. तरीही कोण कोणाशी बोलते, किती वेळा, कोणत्या वेळी, हे सारे उघडे पडते. वर्ग एकदम शांत होईल. त्या शांततेत हळूच सांगा, "तुमचा फोन खिशात नुसता पडलेला असतो तेव्हाही टॉवरला मधूनमधून सांगत असतो, मी इथे आहे. एरवी घंटी तुमच्यापर्यंत येणार कशी?" संदेश पुष्कळांच्या हातांतून जातो आणि जाताना पाऊल उमटवून जातो. मुलीने आपला फोटो कोणाला पाठवावा, मुलाने रागाच्या भरात काय लिहावे, याचा उपदेश मग निराळा करावा लागत नाही.

पोचले ते सगळे खरे नसते

सुतळीतून, लहरीतून, तंतूतून खरेही जाते आणि खोटेही जाते. यंत्र चूक तपासते ती खुणांची. मजकूर खरा की खोटा, हे त्याला ठाऊक नसते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा होती. मारले गेलेले लोक भटक्या समाजातले, भिक्षेवर पोट भरणारे होते. अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

हा विषय वर्गात काढावा की नाही, असा संकोच काही शिक्षकांना वाटेल. काढावा. नववी-दहावीच्या मुलांना तो पेलतो. त्याला गणिताची जोड द्या. एकाने पाच जणांना पाठवले, त्या पाचांनी प्रत्येकी नव्या पाच जणांना. दुसऱ्या पायरीला २५, तिसऱ्याला १२५, चौथ्याला ६२५, पाचव्याला ३,१२५. एवढ्यात मोठे गाव भरले. आता सांगा, पहिल्या पाचांतल्या एकाने जरी "थांबा, मी आधी विचारतो" म्हटले असते, तर पाचव्या पायरीवरचे किती लोक वाचले असते? सहाशे पंचवीस.

मुलांच्या वहीत तीन प्रश्न लिहून द्या. हे मुळात कोणी सांगितले? कधीचे आहे? दुसऱ्या कोणत्या वाटेने ताडून पाहता येईल? "काकांनी पाठवलं" हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. काकांना कोणी पाठवले, ते शोधायचे. आता तर आवाज आणि चित्रेही यंत्राने हुबेहूब बनवता येतात. आवाजाचे आकडे होतात हे ज्याने शिकले, त्याला हेही कळेल की ते आकडे बदलता येतात. नातेवाइकाच्या आवाजात कोणी घाईने पैसे मागितले, तर फोन ठेवावा आणि त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः लावावा.

पैशाच्या बाबतीत चार गोष्टी पाठ करून घ्या. पैसे पाठवताना पिन लागतो. मिळवताना कधीच लागत नाही. क्यूआर कोड आपण स्कॅन करतो तो पैसे देण्यासाठी. बँकेचा माणूस असो की पोलीस, ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. आणि व्हिडिओवरून 'डिजिटल अटक' असा काही प्रकार कायद्यात नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

यात एक संस्कारही आहे. आजीचे खाते नातवाने चालवू नये, नातवाने आजीला चालवायला शिकवावे. "आजी, आकडे तूच दाब, मी तिकडे तोंड करतो." एवढे वाक्य ज्या घरात बोलले जाते, तिथे फोन शहाणपणाने वापरला जातो असे समजावे.

शिकवताना एवढे सांभाळा

हे सगळे आठवड्याला एक तास धरून सहा-सात तासांत होते. विज्ञानाचे, गणिताचे, मराठीचे आणि इतिहासाचे शिक्षक यांनी वाटून घ्यावे. प्रत्येक मुलाच्या हातात फोन असण्याची गरज नाही. टेबलावर शिक्षकांचा एक पुरे, तोही बहुतेक वेळ बंद.

विजेरी आणि ट्रान्झिस्टर आधी मुलींच्या हातात द्या. पुष्कळ घरांत फोन भावाचा असतो आणि बहिणीला तो पाच मिनिटे मिळतो. वर्गातही पुढे होऊन मुलेच वस्तू उचलणार असतील, तर शाळेने घरचीच वाटणी पुढे चालवली असे होईल.

आणि शिकवलेले वर्गातच ठेवू नका. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांसाठी एक प्रयोग केला होता. गावातली माणसे ठरल्या दिवशी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, मग आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. या रेडिओ शेती-मंडळांचा अनुभव असा आला, की नुसते ऐकण्यापेक्षा ऐकून चर्चा करणारी मंडळी पुष्कळ अधिक शिकली. तीच रीत इथे चालवा. महिन्यातून एका संध्याकाळी चावडीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात मुलांनी चिठ्ठ्यांचा खेळ मोठ्या माणसांना खेळायला लावावा. सरपंचांना मधल्या बाकावर बसवा!

शेवटी परीक्षेबद्दल. व्याख्या विचारू नका. असे प्रश्न विचारा: जत्रेच्या दिवशी फोनवर रेंज पूर्ण दिसते, तरी फोन लागत नाही, तो का? एसटी सासवडहून जेजुरीला जाते तरी चालू फोन तुटत नाही, तो कसा? रात्री रेडिओवर दूरचे केंद्र लागते, सकाळी का नाहीसे होते? कुलूपबंद संदेशातूनही कोणती गोष्ट बाहेरच्याला कळते? "तुम्हांला बक्षीस लागले आहे, पिन टाका" या संदेशात खोटे काय आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एखादे मूल असे देईल: "विहिरीत पाणी आहे, पण रहाट एक आणि घागरी शंभर." त्याला पुरे गुण द्या. त्याला टॉवर कळला आहे.